बसून एकतीस इंच

३ फेब्रुवारी, रविवार

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. भाऊजींचा गुडघा आता बरा असेल. त्यांना म्हणावं, डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलं, याचा अर्थ दिवसातून दोनदाच चढा असा होत नाही. इकडे आम्ही दोघं ठीक. ह्यांच्या शाळेतल्या परीक्षा नुकत्याच झाल्यात, त्यामुळे घरभर तपासायचे पेपर आणि लाल शाई. उशीच्या अभ्र्यावरसुद्धा एक टिपका आहे.

चिमणीची निवड झाली, तीही पहिल्याच तुकडीत, हे वाचून मी ऑफिसात खुर्चीवरून उठून उभी राहिले. मग उभं राहून काय करायचं ते सुचेना, म्हणून पाणी प्यायला गेले. शेजारच्या टेबलावरच्या ड्राफ्ट्समनने विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? मी म्हटलं, माझी भाची आपल्या विमानात शिकणार आहे. संध्याकाळपर्यंत साऱ्या कारखान्याला कळलं होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानेसुद्धा मला सलाम केला, जो तो एरवी फक्त गाड्यांना करतो. तुला तर स्वर्ग दोन बोटं उरला असेल. उरू दे. पोरीने मिळवलंय.

विमान नक्की आहे कसं, असं तू विचारलंस. अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारलंस, म्हणून आधी जरा हसू आलं. लहान आहे गं. पुढे एक पंखा, आत दोन माणसं शेजारी शेजारी, डावीकडे शिकणारा आणि उजवीकडे शिकवणारा. वर काचेचं झाकण. पाय लांब आणि पोट बारीक म्हणून आमच्याकडे सगळे त्याला टोळ म्हणतात; कागदोपत्री नाव वेगळं आहे, ते कुणाला धड आठवत नाही. शिकाऊ विमान नुसतं चांगलं उडून भागत नाही. शिकणाऱ्याने चूक केली तर त्याला ती कळू द्यायची, आणि मग तिच्यातून बाहेरही यायचं. टोळाला मुद्दाम गिरकीत घातलं की पूर्वी तो बाहेर यायला कुरकुर करायचा. त्यापायी तीनदा शेपटी बदलली. पंखांवर वाळूची पोती रचून ते किती वाकतात ते पाहिलं. वाकले, मोडले नाहीत. त्या दिवशी साहेब, म्हणजे आमचे मुख्य अभियंते, सर्वांदेखत हसले होते. तारीख लिहून ठेवायला हवी होती.

तू लिहिलंयस, ‘तू बनवलंयस म्हणून मी हो म्हटलं, नाहीतर पोटच्या पोरीला आकाशात कोण पाठवतं.’ ताई, मी एकटीने नाही बनवलं. तीनशे माणसं आहेत. माझ्याकडे फक्त बसायची जागा. खुर्ची, पट्टे, कोणता खटका कुणाच्या हाताला लागतो, एवढंच.

एक काम कर. चिमणीची उंची तू पाच फूट लिहिलीस, म्हणजे माझ्याएवढीच. पण मला ती बसून हवी. तिला भिंतीला पाठ लावून स्टुलावर ताठ बसव, डोक्यावर पुस्तक आडवं धर, आणि स्टुलापासून पुस्तकापर्यंत तुझ्या टेपने मोज. खाली काही घालायचं नाही. घडी केलेली चादरसुद्धा नाही. घाई अजिबात नाही, पण लवकर कळव.

परवा जेवणाच्या सुट्टीत मी तिच्या जागेवर बसून पाहिलं. समोरचं सगळं नीट दिसतं. छान आहे जागा.

तुझी,
धाकटी


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. नमस्कार.

माप मिळालं. एकतीस इंच. ‘तीनदा मोजलं, पोर शेवटी चिडली’ हेही वाचलं. तुझ्या मापावर मी कधी शंका घेतलीय? लहानपणी तू शिवलेला एकही झगा मला सैल झाला नाही, आणि आई म्हणायची, वाढत्या अंगाचा शिव गं, तर तू म्हणायचीस, ही वाढणार नाही. बरोबर निघालं तुझं.

आता दुसरं काम. तिच्यासाठी एक गादी शिव. बसायच्या जागेला पुरेल एवढी, आणि जाड दोन इंच. दोन म्हणजे बसल्यावर दोन. कापूस घालू नकोस, तो दबतो. तुझ्या दुकानात खांद्याच्या पॅडसाठी तो कडक फोम असतो ना, त्याचे थर घाल. खाली चार नाड्या लाव, खुर्चीला बांधता येतील अशा. विचारलं तर सांग, मावशीने सांगितलंय, समोरचं चांगलं दिसतं.

हो, मागच्या खेपेला समोरचं नीट दिसतं असं मीच लिहिलं होतं. आणखी चांगलं दिसेल.

तुला हसवायला एक गंमत सांगते. त्या दिवशी मी चिमणीच्या जागेवर बसले म्हणाले ना, तेव्हा काय झालं ते लिहायचं राहून गेलं. सगळे जेवायला गेले होते. मी पाठीला पॅराशूट बांधलं, पट्टे घट्ट आवळले, झाकण ओढून घेतलं. म्हटलं, पोरीला कसं वाटेल ते पाहू. पाच मिनिटं स्वतःशीच वैमानिक झाले. उघडायला गेले तर झाकण हलेना. कडेला नवीन रबर लावलं होतं, ते चिकटून बसलेलं. आपण काचेच्या बरणीत आणि बाहेर काळं कुत्रं नाही. वरच्या पत्र्यातल्या झरोक्यातून ऊन थेट काचेवर येत होतं. मी काचेवर थापट्या मारल्या, मग बसले. भिंतीवरचं घड्याळ समोर होतं, त्यामुळे नेमकं सांगते, तेवीस मिनिटं. शेवटी सुतारकाका डबा खाऊन सगळ्यांच्या आधी परत आले. त्यांनी आधी बाहेरून दणका देऊन झाकण उघडलं आणि मग म्हणाले, “काय बाई, अंडं समजून उबवताय की काय?”

तशी वर एक लाल मूठ असते. झाकणाच्या कमानीला, दोघांच्या डोक्यांच्या मधे. ती ओढली की अख्खं झाकण उडून जातं, म्हणजे हवेत काही झालंच तर उडी मारता येते. पण काच नवी होती, उगाच फोडायची कशाला, म्हणून मी काही ती ओढली नाही.

सुतारकाका म्हणजे ज्यांनी पाच वर्षांपूर्वी आमचा लाकडी टोळ बनवला ते. खऱ्या विमानाआधी प्लायवुडचं एक बनवतात, आतली जागा ठरवायला. त्यात माणसं बसवून मोजतात. उंच म्हणून आमचे चाचणी-वैमानिक कॅप्टन बसले होते, आणि बुटकं माणूस म्हणून मी. साहेब म्हणाले होते, बाहेरून कशाला माणूस आणायचं, घरचं आहे की.

ह्यांचा खोकला अजून आहे. गादीचं विसरू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. फोन नको करूस. फोनवर तुला माझा आवाज कळतो.


१९ मार्च

ताई,

नमस्कार. तुकडी बेमुदत पुढे ढकलली हे तुला चिमणीकडून कळलं असेल. पुरतं कारण तिला कुणी सांगितलं नसेल. ते माझ्याकडून कळू दे. कारण मी आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं. निळ्या कापडाची गादी झाली, पोरीला आवडली, इथपर्यंत ठीक होतं. पुढे तू लिहिलंस, वैद्यकीय तपासणीला तिच्या तुकडीतल्या आणखी दोन मुली भेटल्या, त्याही अशाच ठेंगण्या, त्यांनी गादी पाहिली, तर उरलेल्या फोममधून त्यांनाही एकेक शिवून दिली. आणि खाली, सहज विचारावं तसं: ‘पण रबर चिकटलं आणि वर कुणी सुतार नसला, तर पोरीने करायचं काय?’

तू चौथीपर्यंत शिकलीस ताई. आमच्याकडे पंधरा जणांनी विमानाच्या मंजुरीच्या कागदावर सह्या केल्यात, त्यातल्या एकानेही हे विचारलं नाही.

मी ती मूठ ओढली नाही असं लिहिलं होतं. ते खोटं. मी ओढायला गेले होते. ऊन वाढलं, श्वास काचेवर दिसायला लागला, तेव्हा मी काचेची पर्वा केली नाही. हात वर केला आणि तो पोचला नाही. तीन बोटं कमी पडला. पट्टा सैल केला की पोचतो. पण गिरकी घेणाऱ्या विमानात पट्टा सैल केला तर माणूस खुर्चीत राहत नाही, कुठेतरी जाऊन आपटतो. पट्टा घट्ट ठेवूनच ती मूठ हाताला लागली पाहिजे, म्हणून तर मला त्या लाकडी टोळात बसवलं होतं. आणि कागदावर माझ्या सहीने लिहिलंय, की पाच फूट उंचीच्या माणसाला लागते.

तेव्हा लागली होती. खरंच लागली होती. कागदावर माझी बसून उंची तेहेतीस इंच आहे.

तुला आठवतं, पाच वर्षांपूर्वी मी तुला लिहिलं होतं की ह्यांच्या मित्राकडे लग्न आहे, दहा दिवस पत्र येणार नाही? लग्न नव्हतं. मी दवाखान्यात होते. माझं गर्भाशय काढलं. गाठी होत्या, त्या वाढत होत्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या आता थांबण्यात अर्थ नाही. हे माझ्याजवळ होते. आणखी कुणालाही सांगितलं नाही, ऑफिसात नाही, तुला नाही. ऑफिसात का नाही, ते सोपं आहे. बसायच्या जागेचं काम मला जेमतेम तीन महिन्यांपूर्वी मिळालं होतं. तुला का नाही, ते पाच वर्षं लिहिता आलं नाही. तू दर पत्रात लिहायचीस, विमान काय पुढच्या वर्षीही होईल, मुलाचं बघ. तू वाईट बुद्धीने लिहीत नव्हतीस. पण ते वाक्य पुन्हा येऊ नये म्हणून सांगायला हवं होतं, आणि सांगितलं असतं तर तू ते कायमचं बंद केलं असतंस. दुसरं मला जास्त कठीण वाटलं. असं का, ते विचारू नकोस.

लोक म्हणतात विमान म्हणजे हिचं मूल. मुळीच नाही. विमान हे विमान आहे.

अकराव्या दिवशी मी कामावर गेले आणि बाराव्या दिवसापासून लाकडी टोळात बसायचं होतं. प्लायवुडची उघडी खुर्ची. पोटात टाके. बसलं की डोळ्यांपुढे काजवे. मी अंगातला जाड स्वेटर काढला, चार घड्या घातल्या आणि खाली घेतला. तोच गं, तू विणलेला मेंदी रंगाचा. साहेबांनी विचारलं, तर म्हटलं, लाकूड गार लागतं. सगळे हसले. चार दिवस मी त्यावर बसले, हात वर केला, खाली केला, पुढे केला, आणि माणसं मापं घेत राहिली. मोजून झाल्यावर दोन इंच वजा करायचे, हे माझ्या डोक्यात होतं. पाचव्या दिवशी मला ताप आला. बरी होऊन परत आले तर कागद टाईप होऊन टेबलावर होते. मी सही केली. विसरले म्हणावं तर तसंही नाही. मला वाटलं, सुतारकाकांनी वजा केले असतील. त्यांच्या नजरेतून एक सूत सुटत नाही.

पुढे विमान उडालं. चाचणीचे दोन्ही वैमानिक ताडमाड, त्यांचं डोकंच मुठीला लागायचं. कुणाला कळणार? मी शेकडो वेळा आत बसले असेन, पण पट्टे आवळून कधीच नाही. चिमणीची निवड झाली नसती तर अजूनही बसले नसते. लाडापायी बसले.

त्या तेवीस मिनिटांनंतर मी तुझ्याकडे माप मागितलं. वाटलं, तिचं धड माझ्यापेक्षा लांब निघेल, भाऊजींवर गेलं असेल. नाही निघालं. मग गादी मागितली. रोज कामावर जात होते, विमानाजवळून चालत होते, डबा खात होते. मंजुरीचे कागद पुढे सरकत होते आणि प्रत्येक टेबलावरून परत येताना त्यांवर एक सही वाढलेली असायची. बोलावं तर अकरा वर्षांचं काम तीनशे माणसांच्या डोक्यावर आपटायचं. गप्प बसावं तर तू लिहिलेलं ते, ‘तू बनवलंयस म्हणून मी हो म्हटलं.’ तुझ्या कात्रीत सापडलेल्या कापडासारखी झाले होते, हललं तरी फाटणार. ह्यांना सगळं ठाऊक होतं. ते पेपर तपासत राहायचे आणि मधेच म्हणायचे, चहा करू का? दिवसातून आठ वेळा चहा. आम्ही दोघं तेवढंच बोलत होतो.

गादीने मी माझ्या पोरीपुरती सोय केली होती. आता तुझं पत्र. आणखी दोन गाद्या. तू त्या दोघींना ओळखतसुद्धा नाहीस, तरी शिवून दिल्यास. पुढच्या तुकडीतल्यांना कोण देणार? ज्यांना मावशी नाही त्यांनी काय करायचं?

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मागच्या गोदामात गेले. लाकडी टोळ तिथे धूळ खात पडलाय. खुर्ची उलटी केली. बुडाला पेन्सिलीने, सुतारकाकांच्या अक्षरात: ‘बाईंचा स्वेटर, दोन इंच.’ आणि तारीख.

मी त्यांना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं. म्हणाले, मला वाटलं तुम्ही वजा करून लिहिलंय. मी म्हटलं, मला वाटलं तुम्ही. येत्या मेमध्ये ते निवृत्त होतायत. चौकशी झाली तर त्यांचंही नाव येणार, आम्हा दोघांनाही ते कळत होतं. मी त्या रेघांकडे पाहत होते. अंगठ्याने पुसल्या असत्या तरी गेल्या असत्या.

ते म्हणाले, “बाई, लाकडावरची रेघ मी जन्मात कधी खोडली नाही. चुकली तर रंधा मारायचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी साहेबांना लिहून दिलं. स्वेटरसकट. त्यांनी दोनदा वाचलं आणि फक्त म्हणाले, “बसून दाखवा.”

विमानाभोवती वीसेक माणसं जमली. सुतारकाकांनी पट्टे आवळले, झाकण लावलं. आत बाहेरचा आवाज येत नाही, नुसती तोंडं हलताना दिसतात. साहेबांनी हात वर करायची खूण केली. मी केला. त्यांनी पुन्हा खूण केली. पुन्हा केला. तिसऱ्यांदा मी खांदा निखळेपर्यंत ताणला, कारण ताई, इतकं सगळं झाल्यावरही मला आतून वाटत होतं की पोचावा. सुतारकाका पायरीवर चढले आणि त्यांनी बाहेरून काचेवर आपली तीन बोटं आडवी ठेवली. एका बाजूला माझ्या बोटांची टोकं, दुसऱ्या बाजूला मूठ. बरोबर मधे बसली. मग सगळ्यांची तोंडं हलायची थांबली.

झाकण उघडल्यावर साहेब म्हणाले, तेव्हा सांगितलं असतंत तर सुट्टी दिली असती. मी म्हटलं, “सुट्टी मिळाली असती साहेब. काम गेलं असतं.” ते माझा कागद घेऊन वळले. त्यांना ते खरं वाटलं असावं, कारण ते कधी कुणाला शेवटचा शब्द घेऊ देत नाहीत.

मूठ खाली आणायची तर कमान बदलावी लागेल, कमान बदलली की झाकण, आणि मग सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. आठ महिने म्हणतात, वर्षही लागेल. तयार झालेली पाच विमानं कापड घालून उभी आहेत. चौकशी संपेपर्यंत मला घरी बसायला सांगितलंय. सुतारकाकांना नाही, मी त्यांचं नाव लिहिलं नव्हतं, पण त्यांनी खुर्ची स्वतः उचलून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हणे, रेघ माझी आहे.

चिमणीचा फोन आला होता. ह्यांच्याशी बोलली. मी शेजारीच उभी होते. मावशीला देऊ का विचारलं, तर नको म्हणाली. विमान माझ्यामुळे थांबलं एवढंच तिच्या कानावर गेलंय; मुठीचं तिला माहीत नाही, तेव्हा तिची चूक नाही. तिला हे पत्र वाचायला दे. सगळं. दवाखान्याचंही. ती त्यावर काय म्हणेल ते मला झेलता येईल असं वाटतं, नाही आलं तरी दे.

सकाळी अजून सात वाजता डबा भरते आणि मग आठवतं. हे शाळेत गेले की घरात मी आणि खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, आणि वर हातभर आकाश. पूर्वी दहाच्या सुमाराला त्यातून टोळ जायचा, आवाज आधी यायचा. आता काही जात नाही. मी तरी त्या वेळी खिडकीशी जाते.

तू ये, ताई. तेव्हा बोलावलं नाही, आता बोलावते आहे. भाऊजींना चार दिवस जिन्याच्या हवाली कर आणि ये. त्या तीन गाद्या परत मागून घे. विमान दुरुस्त होईल तेव्हा त्या पोरी नुसत्या खुर्चीवर बसतील आणि हात पोचेल, असं झालं पाहिजे. गाद्या माझ्यासाठी घेऊन ये. मला अजून कडक जागी बसलं की दुखतं. हेही मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि टेप आण. आल्यावर आधी मला स्टुलावर बसव. खाली काही न घालता.

तुझी,
पाच वर्षं कागदावर तेहेतीस,
बसून एकतीस इंच,
धाकटी